मोहरी फेसते तेव्हा नेमकं काय होतं? विकरांबद्दल थोडं, स्वयंपाकघरातून

रानजाई · शनिवार, सकाळी ११:२०

परवा भाचीचा फोन आला. "मावशी, अर्धा तास झाला मोहरी फेसतेय, पण नाकात जातच नाहीये गं. नुसती कडू लागतेय." केळ्याचं रायतं करायचं होतं तिला, पाहुणे यायची वेळ झाली होती. मी विचारलं, पाणी कसलं घेतलंस? म्हणाली, मोहरीची डाळ लवकर भिजावी म्हणून कढत घेतलं. तिला म्हटलं, ती बाजूला ठेव, नवीन दोन चमचे डाळ घे आणि माठातलं पाणी घाल. दहा मिनिटांनी पुन्हा फोन. नाक ओढत बोलत होती, त्यावरूनच कळलं की या वेळी जमलं.

मी बरीच वर्षं कॉलेजात जीवरसायनशास्त्र शिकवते. विकरांचा, म्हणजे एन्झाइमचा धडा सुरू करायला मोहरीइतकं चांगलं उदाहरण मला अजून मिळालेलं नाही. म्हणून हा धागा.

आधी एक करून बघा. मोहरीचे चार दाणे तळहातावर घेऊन हुंगा. वास येत नाही. आता ते दाताखाली चावा. पहिल्यांदा किंचित कडवट लागतं, मग थोडा वेळ काहीच नाही, आणि मग एकदम नाकात झिणझिणी. मधला तो थोडासा उशीर फार महत्त्वाचा आहे. मिरचीचा तिखटपणा मिरचीत तयारच असतो. मोहरीतला तिखटपणा मोहरीत नसतो, तो तुमच्या तोंडात त्या क्षणी तयार होतो.

दाण्याच्या आत दोन वस्तू वेगवेगळ्या खोल्यांत ठेवलेल्या असतात. एका जागी सिनिग्रिन नावाचा कडवट पदार्थ, ज्याला साखरेचा एक रेणू चिकटलेला असतो. दुसऱ्या पेशींत मायरोसिनेज नावाचं विकर. दाणा शाबूत आहे तोवर दोघांची गाठ पडत नाही. दाणा चिरडला आणि पाणी मिळालं की विकर सिनिग्रिनवरची साखर छाटून टाकतं. उरलेला तुकडा तसा टिकत नाही, आपोआप वळतो आणि त्याचं अ‍ॅलिल आयसोथायोसायनेट होतं. हे लगेच उडणारं द्रव्य आहे, म्हणून ते जिभेपेक्षा नाकाला जास्त झोंबतं. झाडाने ही सोय आपल्या रायत्यासाठी केलेली नाही. पान किंवा बी कुरतडणाऱ्या किड्याच्या तोंडातच हे तिखट तयार व्हावं, हा त्यामागचा उपयोग. मोहरीतल्या या दोन वस्तू वेगळ्या काढून दाखवल्या ब्युसी नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने, १८४० च्या सुमाराला.

आता विकर म्हणजे काय. बहुतेक सगळी विकरं प्रथिनं असतात. अमिनो आम्लांची लांब माळ, पण ती सैल पडलेली नसते, ठरावीक पद्धतीने दुमडून तिचा एक गोळा झालेला असतो. त्या गोळ्यावर एक खोबण असते. ज्या पदार्थावर काम करायचं तो बरोबर त्या खोबणीत बसतो, तिथे त्याचा बंध ओढला-ताणला जातो, तुटतो, तुकडे बाहेर पडतात आणि खोबण पुढच्यासाठी मोकळी. विकर स्वतः खर्ची पडत नाही. म्हणून चिमूटभर विकर ढीगभर काम करतं. जी क्रिया एरवी फार सावकाश झाली असती ती क्षणात होते, कारण सुरुवातीला जो चढ चढावा लागतो तो विकर कमी करून देतं.

एमिल फिशरने १८९४ मध्ये याला कुलूप-किल्लीची उपमा दिली आणि ती अजून पुस्तकांत आहे. १९५८ मध्ये कॉशलंडने त्यात दुरुस्ती सुचवली: खोबण कुलपासारखी ताठ नसते, पदार्थ येऊन बसला की ती त्याच्याभोवती आकार घेते. मी वर्गात झोळीचं उदाहरण देते. झोळीत बाळ ठेवलं की कापड बाळाच्या अंगाबरोबर बसतं, आणि बाळ उचललं की झोळी पुन्हा होती तशी.

सगळं महत्त्व त्या घडीला आहे हे कळलं की भाचीची मोहरी का फसली तेही कळतं. कढत पाण्यात प्रथिनाची घडी उलगडते. अंडं उकडल्यावर पांढरा बलक घट्ट होतो, तेच. खोबण मोडली, काम संपलं. सिनिग्रिन मात्र उष्णतेने लगेच नाहीसं होत नाही, म्हणून कडवटपणा राहिला आणि झणका आला नाही. फोडणीतल्या मोहरीचंही हेच. तापलेल्या तेलात तडतडलेली मोहरी खमंग लागते, पण ती कितीही चावा, नाकात जात नाही. तोच डबा, तेच दाणे.

म्हणजे बर्फाचं पाणी सगळ्यात चांगलं का? तसंही नाही. गारठ्यात घडी मोडत नाही, पण रेणूंची धावपळ मंदावते, गाठीभेटी कमी होतात. ढोबळमानाने तापमान दहा अंशांनी वाढलं की वेग सुमारे दुप्पट होतो, आणि हे घडी उलगडायला लागेपर्यंतच चालतं. तिथून पुढे वेग कोसळतो. माठातलं पाणी, किंवा नळाचं साधं पाणी, मोहरीला बरोबर.

आमच्या आईचा क्रम असा होता: आधी नुसत्या पाण्यात फेसायची, झाकून दहा मिनिटं ठेवायची, झणका आला की मग लिंबू, मीठ, साखर. फार आंबटात हे विकर मंदावतं, शिवाय सिनिग्रिनचं काही प्रमाणात दुसरंच द्रव्य होतं, ज्याला झणका नसतो. पण एकदा तिखट तयार झालं की आंबटात ते जास्त टिकतं. नुसत्या पाण्यात ते हळूहळू मोडतं आणि उडूनही जातं, म्हणून फेसलेली मोहरी रायत्यात अगदी पानं घ्यायच्या आधी घालतात. क्रम बरोबर होता तिचा. कारण तिने कधी विचारलं नव्हतं आणि तिला त्याची गरजही पडली नाही.

तुमच्याकडे असं काही करतात का, ज्यात "आधी हे, मग ते" असं ठाम सांगितलं जातं? सांगा, बहुतेक ठिकाणी एखादं विकर सापडेल.

मांडवीकाठ · शनिवार, दुपारी १:०५

फार छान. आमच्याकडे गोव्यात आंब्याचं सासव करतात, त्यात मोहरीच मुख्य. नारळ पूर्ण वाटून झाला की मगच आई मोहरी घालायची आणि पाट्यावर दोन-चार फेरे, बस. "चड वाटलें जाल्यार कडू जातलें," म्हणजे जास्त वाटलं तर कडू होईल, असं बजावायची. मिक्सरवर मी ते पाळते, तरी कधी कधी कडवट होतं. यात विकर आहे का?

रानजाई · शनिवार, दुपारी २:३०

मांडवीकाठ, आहे ना. पाट्यावर वाटण गार राहतं. मिक्सरचं भांडं दोन मिनिटांत हाताला गरम लागतं, आणि सुरुवातीलाच मोहरी घातली तर तिला ती सगळी उष्णता बसते. विकर दुबळं होतं, सिनिग्रिनचा कडवटपणा मागे राहतो. गार नारळ घ्या, मिक्सर थांबवत थांबवत फिरवा, मोहरी शेवटी. आईंची पद्धतच, फक्त यंत्राला धरून.

सह्यकडा · शनिवार, दुपारी ४:१०

आमच्याकडे कोकणात थेट लिंबाच्या रसातच फेसतात आणि ती नाकात जाते, चांगली जाते. मग तुमचा आंबटाचा मुद्दा?

रानजाई · शनिवार, संध्याकाळी ६:४५

सह्यकडा, बरं झालं विचारलंत. मी वर ते जरा सरधोपट लिहिलं. लिंबात दोन गोष्टी एकदम असतात. एक आम्ल, जे मायरोसिनेजला मंद करतं. दुसरं क जीवनसत्त्व, जे थोड्या प्रमाणात याच विकराचा वेग वाढवतं. अशा मदतनीस पदार्थांना उत्तेजक म्हणतात. रस थोडा आणि मोहरीचा लगदा जास्त असेल तर आम्ल विरून जातं आणि मदत उरते. नुसत्या रसात डाळ बुडवून ठेवली तर वेगळा अनुभव येईल. प्रमाण कसं घेता तुम्ही?

सह्यकडा · शनिवार, रात्री ८:००

अर्ध्या लिंबाचा रस, दोन पळ्या पाणी आणि मूठभर डाळ. म्हणजे पाणी असतंच. बरोबर आहे तुमचं.

पाटीपेन्सिल · शनिवार, रात्री ९:२५

मी आठवी ते दहावीला विज्ञान शिकवतो. दोन अडचणी. एक शब्दाची: पाठ्यपुस्तकात विकर, जुन्या पुस्तकांत वितंचक, घरी एन्झाइम. मुलं त्यात संप्रेरकही मिसळतात. दुसरी जास्त अवघड: उत्तरपत्रिकेत हटकून येतं, "उष्णतेने विकर मरते." मी खोडतो, पण का खोडलं ते नीट सांगता येत नाही.

रानजाई · रविवार, सकाळी ८:५०

सर, शब्दाचं सोपं करून सांगा. संप्रेरक निरोप नेतं, विकर काम करतं. इन्सुलिन हा निरोप, तोंडातल्या लाळेतलं अ‍ॅमायलेज हा कामगार. विकर आणि वितंचक एकच.

"मरते" हा शब्द का चुकीचा, यामागे एक मोठं भांडण आहे आणि ते मुलांना जरूर सांगा. एकोणिसाव्या शतकात पाश्चरचं ठाम मत होतं की साखरेची दारू होणं हे जिवंत यीस्टचंच काम आहे, जीव नसेल तर ते होणार नाही. एन्झाइम हा शब्दच क्यूने यांनी १८७८ मध्ये ग्रीकवरून घडवला, त्याचा अर्थ "खमिरात असलेलं". मग १८९७ मध्ये एडुआर्ड बुखनरने यीस्ट वाळूबरोबर घोटलं, पेशी फोडल्या, दाबून रस काढला. रस टिकावा म्हणून त्यात साखर घातली, जशी आपण मुरांब्यात घालतो. आणि त्या रसाला बुडबुडे यायला लागले. एकही पेशी जिवंत नव्हती, तरी साखरेची दारू होत होती. १९०७ चं नोबेल त्याला यासाठीच मिळालं.

म्हणजे विकर जिवंत नसतंच, त्यामुळे ते मरत नाही. त्याची घडी मोडते. मोहरी बघा, वर्षभर डब्यात पडलेली, गिरणीत दळलेली पूड, तीही फेसते.

पुढचा भाग मला विशेष आवडतो. ही प्रथिनं आहेत हे तरी कुणी सिद्ध केलं? जेम्स समनरने, अमेरिकेत. सतराव्या वर्षी शिकारीतल्या अपघातात त्याचा डावा हात गेला होता आणि तो डावखुरा होता. एका हाताने प्रयोगशाळेत काम जमणार नाही असं त्याला सांगितलं गेलं. त्याने जॅक बीन नावाच्या शेंगेचं पीठ घेतलं, ही आपल्या अबईच्या जातकुळीतली शेंग, आणि नऊ वर्षं त्यातलं युरिएज हे विकर शुद्ध करण्यात घालवली. १९२६ मध्ये त्याच्या नळीत स्फटिक पडले. ते स्फटिक प्रथिनाचे होते आणि युरिया मोडत होते. मोठमोठ्या लोकांनी वर्षानुवर्षं मान्य केलं नाही. नोबेल मिळालं १९४६ मध्ये.

पाटीपेन्सिल · रविवार, सकाळी १०:१५

उद्याच्या तासाला हेच सांगतो. एक पोटप्रश्न: गरम केलेलं विकर गार केलं की पुन्हा चालू होतं का?

रानजाई · रविवार, सकाळी ११:००

उकळलेलं बहुतेक नाही. उकडलेलं अंडं गार केलं तरी कच्चं होत नाही. पण काही अपवाद आहेत. रायबोन्यूक्लिएज हे लहानसं विकर पूर्ण उलगडून पुन्हा मोकळं सोडलं तर आपोआप बरोबर दुमडतं. अ‍ॅनफिन्सन यांनी ते दाखवलं आणि १९७२ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. गारठ्याचं मात्र वेगळं. फ्रिजमधून काढलं की विकर पुन्हा वेगात येतं. विकरांना पंगतीतले वाढपी समजा: थंडीने आखडले होते, कुठे गेले नव्हते.

उंबरठा · रविवार, सकाळी ११:४०

वाढपी शब्द आलाच आहे तर विचारतो. मोहरी दुप्पट घेतली तर दुप्पट तिखट होणार हे समजतं. पण विकर तेवढंच ठेवून नुसता पदार्थ वाढवत गेलं तर?

रानजाई · रविवार, दुपारी १२:३०

तर पंगत डोळ्यांसमोर आणा. पाच वाढपी आहेत. दहा पानं मांडली तर वाढपी बराच वेळ मोकळे उभे. वीस केली तर वाढण्याचा वेग वाढतो, चाळीस केली तर आणखी वाढतो. पण शंभर पानांना पाचही जण सतत धावत असतात, एक क्षण रिकामा नाही. आता दोनशे मांडली तरी मिनिटाला तेवढ्याच वाट्या भरणार. वेग वाढवायचा तर वाढपी वाढवावे लागतील. हेच गणितात मांडलं मायकेलिस आणि मॉड मेंटेन यांनी, १९१३ मध्ये बर्लिनला, उसाची साखर मोडणाऱ्या इन्व्हर्टेज या विकरावर मोजमापं करून. मेंटेन या कॅनडाच्या डॉक्टर होत्या, आणि त्या काळी बाईमाणसाने संशोधनासाठी समुद्र ओलांडून जर्मनीला जाणं सोपं नव्हतं. त्यांचं नाव अर्धं तरी समीकरणात राहिलं याचं मला समाधान वाटतं.

वाढप्यांच्या हातात फरकही फार असतो. रक्तातला कार्बन डायऑक्साइड हाताळणारं कार्बोनिक अ‍ॅनहायड्रेज एका सेकंदात लाखो रेणू उरकतं. त्याला खोबणीत जस्ताचा एक अणू लागतो, तो काढला की काम बंद. अन्नात जस्त, मॅग्नेशियम, ब गटातली जीवनसत्त्वं लागतात ती बरीचशी अशाच कुठल्या तरी विकराला हाताशी लागतात म्हणून.

नवखीआई · रविवार, दुपारी ३:१५

माझं बाळ आठ महिन्यांचं आहे. अंगणवाडीच्या ताईंनी सांगितलं की मोड आलेल्या नाचणीचं पीठ चमचाभर घातलं की घट्ट पेज पातळ होते आणि बाळ जास्त खातं. मी केलं, पण काहीच झालं नाही, उलट अजून घट्ट झाली. सासूबाई म्हणतात मोड नीट आले नसतील. मोड चांगले आले होते.

रानजाई · रविवार, दुपारी ४:४०

नवखीआई, दोन प्रश्न. मोड आल्यावर नाचणी भाजलीत का? आणि पीठ पेजेत कधी घातलंत?

नवखीआई · रविवार, दुपारी ४:५५

हो, खमंग भाजून दळली. पीठ सुरुवातीलाच गार पाण्यात कालवून सगळं एकत्र शिजवलं.

रानजाई · रविवार, संध्याकाळी ७:३०

मग मोडांचा दोष नाही. दोन्ही वेळा उष्णता आडवी आली.

धान्याला मोड येतात तेव्हा कोंबाला साखर हवी असते, म्हणून दाणा अ‍ॅमायलेज तयार करतो, जे पिठूळ भागाचे, म्हणजे स्टार्चचे तुकडे करतं. पायेन आणि पेर्सो या फ्रेंच जोडीने १८३३ मध्ये मोड आलेल्या सातूतून हेच वेगळं काढलं आणि त्याला डायास्टेज नाव दिलं. विकरांच्या इतिहासातलं हे पहिलं पान. १९८० च्या दशकात बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात तारा गोपालदास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा बाळांच्या अन्नासाठी उपयोग अभ्यासला. अडचण अशी की तान्ह्याचं पोट लहान, पेज घट्ट केली तर गिळवत नाही, पातळ केली तर नुसतं पाणीच पोटात जातं. स्टार्चच्या लांब साखळ्या पाणी धरून फुगतात म्हणून पेज घट्ट होते. साखळ्या तोडल्या की तेवढंच धान्य असूनही पेज सैल पडते. वाटीत दाणा तेवढाच, पण बाळाला जातो.

करायचं असं. मोड आलेली नाचणी कडक उन्हात वाळवा आणि न भाजता दळा. पेज नेहमीसारखी आधी पूर्ण शिजवा, कारण कच्च्या स्टार्चच्या कणांत विकराला शिरायला अवघड जातं, शिजून फुगलं की सोपं. मग गॅस बंद करून पेज थोडी निवू द्या, साधारण ६० ते ७० अंश, म्हणजे वाफ येतेय पण उकळत नाही. आता चमचाभर पीठ घालून ढवळत राहा. चमच्याला लागणारा जोर कमी होताना हाताला कळेल. सैल झाली की पुन्हा एकदा नीट उकळी आणा. ही उकळी चुकवू नका, मोडाच्या कच्च्या पिठात जंतू असू शकतात. विकराचं काम तोवर झालेलं असतं, त्यामुळे आता ते मोडलं तरी हरकत नाही. मग निववून बाळाला द्या.

दूधवाट · रविवार, रात्री ९:१०

मी दूध संकलन केंद्राच्या प्रयोगशाळेत काम करतो, त्यामुळे विकर मोडणं हे आमच्याकडे रोजचं मोजमाप आहे. कच्च्या दुधात अल्कलाइन फॉस्फेटेज नावाचं विकर असतं. पाश्चरायझेशनमध्ये दूध ७२ अंशांना १५ सेकंद किंवा जुन्या पद्धतीत ६३ अंशांना ३० मिनिटं ठेवतात. हे विकर टिकायला क्षयाच्या जंतूपेक्षा किंचित चिवट आहे. म्हणजे ते मोडलेलं सापडलं तर जंतूही गेले असं धरता येतं. आम्ही दुधात एक रसायन घालतो, विकर शिल्लक असेल तर रंग येतो. रंग आला की ती टाकी पुढे जात नाही. कच्चं दूध चुकून थोडंसं मिसळलं तरी पकडलं जातं. जंतू मोजायला दिवस लागतात, हे लगेच कळतं.

रानजाई · रविवार, रात्री ९:४०

दूधवाट, किती नेमकं लिहिलंत. हे मी वर्गात सांगणार.

चंद्रकोर · सोमवार, सकाळी १०:०५

कपड्यांच्या पावडरीत एन्झाइम असतात म्हणतात. मी रक्ताचे डाग पडलेली चादर उकळत्या पाण्यात पावडर घालून भिजवली, डाग आणखी पक्का झाला. आणि पैठणी त्यातच धुतली तर चालेल का?

रानजाई · सोमवार, दुपारी १:२०

चंद्रकोरताई, पैठणी अजिबात नको. त्या पावडरीत प्रथिनं तोडणारं विकर असतं, बहुधा जंतूंपासून तयार केलेलं. रेशीम आणि लोकर ही दोन्ही प्रथिनंच. डाग आणि धागा यांत त्याला फरक कळत नाही. चादरीचं म्हणाल तर उकळत्या पाण्याने पावडरीतलं विकर मोडलं आणि रक्तातलं प्रथिन कापडात थिजलं. आधी गार पाण्यात खळबळून घ्या, मग कोमट पाण्यात पावडर घालून तासभर ठेवा. विकराला वेळ द्यावा लागतो.

गवतीचहा · सोमवार, दुपारी २:१५

दोन छोट्या नोंदी. अननसाचं जिलेटिनचं पुडिंग कधी लागलंच नाही, चायना ग्रास घातल्यावर लागलं. आणि वांगी, केळफूल चिरून ताकात टाकतात.

रानजाई · सोमवार, दुपारी २:५०

अननसातलं ब्रोमेलेन प्रथिनं तोडतं. जिलेटिन प्रथिन आहे, चायना ग्रास नाही, त्यामुळे त्याला हात लागत नाही. मटणाला कच्ची पपई लावतात तेही याच जातीचं काम. डबाबंद अननस चालेल, तो तापवलेला असतो. वांग्यात विकर हवेतल्या ऑक्सिजनच्या मदतीने काळपट रंग करतं. ताकाचा आंबटपणा त्याला मंद करतो आणि बुडवून ठेवल्याने हवा कमी मिळते.

मोकळीहवा · सोमवार, संध्याकाळी ५:३०

आमच्या सोसायटीत सगळे लिंबाच्या-संत्र्याच्या साली, गूळ आणि पाणी तीन महिने आंबवून "बायोएन्झाइम" करतात. फरशीला, भांड्यांना, झाडांना, सगळ्याला तेच. खरंच काम करतं का?

रानजाई · सोमवार, रात्री ८:२०

फरशी, नळ, बेसिन यांना उपयोग होतो, पण बहुतांश श्रेय तयार झालेल्या आम्लाला आणि सालींमधल्या तेलाला आहे. ते पाणी इतकं आंबट असतं की बरीचशी विकरं त्यात धड चालणारच नाहीत. प्रत्येक विकराला आपापली आंबटपणाची पट्टी असते: जठरातलं पेप्सिन तीव्र आम्लात काम करतं, पुढे आतड्यात स्वादुपिंडाची विकरं किंचित अल्कधर्मी वातावरणात. ओला कचरा कमी होतो हा फायदा आहे आणि त्यासाठी जरूर करा. पहिल्या महिन्यात झाकण रोज सैल करा, काचेची बाटली वापरू नका, वायूने फुटते. आणि ब्लीचबरोबर कधीही मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू निघतो.

तिफण · सोमवार, रात्री १०:४५

इथे सगळं खाण्याचं चाललंय, मी वेगळं लिहिते. मी विदर्भात परिचारिका म्हणून काम केलंय. २०१७ ला यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा झाली, वीसच्या आसपास माणसं गेली, शेकडो दवाखान्यात आली. तेव्हापासून मला वाटत होतं की हे औषध शरीरात करतं काय ते लोकांना समजेल असं कुणीतरी सांगावं. रानजाईताई, ते विकराचंच प्रकरण आहे ना?

रानजाई · मंगळवार, सकाळी ७:१५

तिफणताई, हो. रात्री वाचलं आणि सकाळी उठून पहिलं हेच लिहायला बसले.

मज्जातंतू स्नायूला निरोप देतो तो अ‍ॅसिटिलकोलीन या पदार्थातून. निरोप पोचला की तो लगेच पुसावा लागतो, नाहीतर स्नायू आवळलेलाच राहील. पुसायचं काम अ‍ॅसिटिलकोलीनएस्टरेज हे विकर करतं, एक रेणू सेकंदाला हजारो निरोप पुसतो. मोनोक्रोटोफॉससारखी ऑर्गनोफॉस्फेट गटातली औषधं याच विकराच्या खोबणीत जाऊन बसतात आणि तिथे पक्का बंध करतात. यवतमाळमध्ये वापरलेली सगळीच औषधं या गटातली नव्हती, पण हे त्यांत होतं. पंगतीच्या भाषेत, वाढप्याचे हात बांधले गेले. निरोप साचत जातात. म्हणून लाळ, घाम, डोळ्यांना पाणी, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, उलटी, जुलाब, मग छाती भरून येणं आणि श्वास अडकणं.

किडीच्या शरीरातही हेच विकर असतं, म्हणून औषध तिला मारतं. आणि माणसातही हेच असतं.

तिफण · मंगळवार, सकाळी ९:००

आम्ही अ‍ॅट्रोपिन द्यायचो, तोंड-छाती कोरडी होईपर्यंत. आणि पॅम. डॉक्टर म्हणायचे, पॅम लवकर दिलं तर उपयोग.

रानजाई · मंगळवार, सकाळी ९:४०

अ‍ॅट्रोपिन विकराला हात लावत नाही, ते साचलेला निरोप पुढे ऐकू जाऊ देत नाही. पॅम, म्हणजे प्रॅलिडॉक्झिम, खोबणीत अडकलेलं विष उपटून काढतं आणि विकर पुन्हा मोकळं होतं. पण ठरावीक वेळ गेला की विषाचा बंध बदलून असा घट्ट होतो की मग पॅमला तो सुटत नाही. शरीराला नवीन विकर तयार करावं लागतं, त्याला दिवस-आठवडे लागतात. म्हणून तुमचे डॉक्टर घाई करत होते. आणि म्हणूनच एकदा बाधा झालेल्या माणसाने बरं वाटलं तरी लगेच पुन्हा पंप पाठीवर घेऊ नये, त्याचं विकर अजून कमीच असतं.

तिफण · मंगळवार, सकाळी १०:१०

हे शेवटचं वाक्य मी आमच्या गावच्या गटावर टाकते. लोक तिसऱ्या दिवशी पुन्हा फवारायला जातात, रोज बुडतो म्हणून. आणि मी एक जोडते: औषध अंगावर सांडलं तर आधी ओले कपडे काढा, साबणाने भरपूर धुवा, मग गाडीत बसा, आणि औषधाचा डबा सोबत न्या. डबा बघून डॉक्टरांना गट कळतो.

दूरदेशी · मंगळवार, रात्री ८:३०

मी न्यू जर्सीत राहते. धागा वाचून इथल्या सुपरमार्केटमधली पिवळी मोहरी आणून गार पाण्यात फेसली. जिभेला थोडी झोंबली, नाकात काहीच गेलं नाही. पाणी गारच होतं.

रानजाई · मंगळवार, रात्री ९:०५

पाणी बरोबर होतं, दाणा वेगळा. पिवळ्या मोहरीत सिनिग्रिनऐवजी सिनाल्बिन असतं. त्याच विकराने त्यापासून जे तिखट तयार होतं ते उडत नाही, जिभेवरच राहतं. भारतीय दुकानातून काळी किंवा तपकिरी मोहरी आणा, मिक्सरला कोरडीच दोन वेळा फिरवा, मग पाणी.

नवखीआई · बुधवार, दुपारी १२:२०

न भाजलेली नाचणी उन्हात वाळवून काल दळून आणली. आज पेज शिजवून निवू दिली आणि पीठ घातलं. चमचा उभा राहत होता तो पाच मिनिटांत आडवा झाला. सासूबाई शेजारी उभ्या राहून बघत होत्या. मग उकळी आणली, निववली. बाळाने पूर्ण वाटी संपवली.

दूरदेशी · गुरुवार, सकाळी ६:५०

तपकिरी मोहरी मिळाली. काकडीची कोशिंबीर केली. नवरा ताटावरून उठून खिडकीपाशी गेला आणि म्हणाला, अगदी आईच्या हातची.